परभणी जिल्ह्यातील जुनी घरगुती मोटार : वय, दुरुस्ती आणि शब्द

१. विषयाची मर्यादा

मोटारीच्या इतिहासाचे लेखन प्रायः दोन टोकांकडून होत आले आहे. एका टोकाला कारखाना असतो : भांडवल, परवाना, उत्पादन आणि स्पर्धा यांचा तो इतिहास. दुसऱ्या टोकाला संग्राहक असतो : जुनी गाडी झळाळून प्रदर्शनात मांडणाऱ्याचा तो इतिहास. या दोन टोकांच्या मध्ये गाडीचे जे खरे आयुष्य जाते, म्हणजे दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या अंगणात, रोजच्या कामाला जुंपलेली अशी जी वीस-तीस वर्षे ती काढते, त्यांची नोंद फारशी कोठे आढळत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा मधला काळ आहे. आणि त्याचे क्षेत्र परभणी जिल्हा हे आहे.

'घरगुती मोटार' हा शब्द येथे मर्यादित अर्थाने योजला आहे. चार दारांची, पुढे इंजिन व मागे सामानाची स्वतंत्र डिकी असलेली, पाच-सहा माणसे बसतील अशी बंद गाडी, एवढाच तिचा अर्थ. या घडणीच्या गाडीला इंग्रजीत स्वतंत्र नाव असले, तरी मराठीत तसे नाव कधी रूढ झाले नाही. कारण दीर्घकाळपर्यंत बाजारात असलेली जवळजवळ प्रत्येक खाजगी मोटार याच घडणीची होती, आणि जेथे भेद नसतो तेथे भेददर्शक शब्दाची गरज पडत नाही. लोक 'फियाट' म्हणत किंवा 'अँबॅसिडर' म्हणत. फार तर नुसते 'गाडी' म्हणत.

प्रश्न असा की, अशी गाडी 'जुनी' ठरते केव्हा? वर्षांच्या मोजणीने, की अन्य कोणत्या मापाने? परभणीसारख्या, कारखान्यापासून आणि बंदरापासून दूर असलेल्या जिल्ह्याचा अनुभव या प्रश्नाला जे उत्तर देतो, ते आजच्या कायद्याच्या उत्तराहून वेगळे आहे. गाडीचे वय तेथे वर्षांनी मोजले गेले नाही; सुटा भाग मिळण्याच्या ठिकाणापर्यंतच्या अंतराने आणि तो बसविणाऱ्या हाताच्या उपलब्धतेने ते मोजले गेले. पुढील विवेचनात ही गोष्ट प्रथम पुरवठ्याच्या, नंतर भूमीच्या व दैनंदिन वापराच्या, आणि शेवटी शब्दांच्या व कायद्याच्या अंगाने तपासली आहे.

२. दुर्मिळतेचा काळ

सप्टेंबर १९४८पर्यंत परभणी हा निजामाच्या हैदराबाद राज्यातील एक जिल्हा होता. या राज्यात सार्वजनिक मोटारवाहतूक पुष्कळ आधी सुरू झाली होती. निजाम राज्य रेल्वेचा एक विभाग म्हणून १९३२ साली २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू झाली, आणि सरकारी मालकीच्या बससेवेचे ते भारतातील अगदी आरंभीचे उदाहरण होय. खाजगी मोटार मात्र अधिकारी, जहागीरदार आणि मोठे व्यापारी यांच्या पलीकडे गेलेली नव्हती. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात समाविष्ट झाला, आणि १९६१ साली मराठवाड्याची बससेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. मोटारदुरुस्तीच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व आहे, कारण एस.टी.चा आगार जेथे जेथे उभा राहिला, तेथे तेथे इंजिन खोलून पुन्हा बांधण्याचे काम नित्य होऊ लागले आणि ते काम हाताने करणारी माणसे त्या गावाला मिळाली.

याच सुमारास देशाच्या मोटारधंद्याचे स्वरूप बदलत होते. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना मुंबईत कुर्ला येथे उभा राहिला. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ साली स्थापन झाली होती. तिचा कारखाना पुढे बंगालमध्ये उत्तरपाडा येथे गेला. १९४९ साली सरकारने तयार मोटारींच्या आयातीला बंदी केली, आणि १९५३ साली जकात आयोगाच्या शिफारशीनुसार, ज्यांच्याजवळ देशात क्रमाक्रमाने सर्व भाग बनविण्याचा कार्यक्रम आहे अशांनाच हा धंदा करू देण्याचे धोरण ठरले. केवळ सुटे भाग आणून जोडणी करणाऱ्या फोर्ड व जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्यांनी त्यानंतर लवकरच येथील काम बंद केले.

उरल्या त्या मोजक्या गाड्या. इटलीत १९५३ साली बाजारात आलेली फियाट ११००-१०३ कुर्ल्यात तयार होऊ लागली. १९६०नंतरच्या दशकाच्या मध्यास तिची जागा ११०० डी या सुधारित गाडीने घेतली. हीच गाडी १९७४पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली गेली आणि नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत तयार होत राहिली. इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर आधारलेली अँबॅसिडर १९५७ साली आली आणि मे २०१४मध्ये तिचे उत्पादन थांबले. मद्रासची स्टँडर्ड कंपनी ही तिसरी. १९५९च्या एका नियंत्रण आदेशाने मोटारींची विक्री व वाटप सरकारी देखरेखीखाली आले. नोंदणी करायची, अनामत भरायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, हा त्या काळच्या ग्राहकाचा क्रम होता.

या क्रमाचा जिल्ह्याच्या गावावर झालेला परिणाम सरळ होता. नवी गाडी प्रथम मुंबई, पुणे, हैदराबाद यांसारख्या शहरांत, अथवा सरकारी खात्यांत जात असे. परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड येथील डॉक्टर, वकील, कापसाचा अडत्या किंवा मोठा शेतकरी यांच्याकडे ती पोहोचे तेव्हा बहुधा तिने एक आयुष्य पुरे केलेले असे. म्हणजे 'जुनी गाडी' हा तेथे अपवाद नव्हता, दारिद्र्याची खूण नव्हती आणि हौसही नव्हती. मोटार म्हणजेच जुनी मोटार, अशी ती सर्वसाधारण स्थिती होती. ही दुर्मिळता धोरणाने निर्माण केलेली होती. तिच्यात टिकून राहण्याची विद्या मात्र गावोगावच्या माणसांनी आपल्या बळावर निर्माण केली.

एक गोष्ट या विद्येला अनुकूल होती. एकच गाडी तीस-चाळीस वर्षे फारसा बदल न होता तयार होत राहिली, तर ग्राहकाची निवड खुंटते हे खरे. परंतु १९६५च्या गाडीला १९९५च्या गाडीचा भाग पुष्कळदा बसतो, हेही तितकेच खरे. स्पर्धेचा अभाव हा कारखान्याच्या इतिहासातला दोष असला, तरी दुरुस्तीच्या इतिहासात तोच गुण ठरला.

३. माती, ऊन आणि रस्ता

परभणी जिल्हा गोदावरीच्या खोऱ्यात, काळ्या कापसाच्या जमिनीवर वसलेला आहे. दुधना आणि पूर्णा या नद्या त्यातून वाहतात. या जमिनीचा स्वभाव असा की, उन्हाळ्यात तिला हात-हात रुंद भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती चाकाला लोण्यासारखी लिंपून बसते. मडगार्डच्या आत चिखल साचून चाक अडावे, आणि तो पहारीने किंवा काठीने खरवडून काढल्याशिवाय पुढे जाता येऊ नये, हा बैलगाडीचा जुना अनुभव मोटारीलाही चुकला नाही.

डांबरी रस्त्यांचे जाळे उशिरा आले. त्याच्या इतिहासातला एक भाग विसरता येण्याजोगा नाही. १९७०पासून १९७३पर्यंत मराठवाड्याने भीषण दुष्काळ सोसला. दुष्काळी कामांवर लाखो स्त्री-पुरुषांनी खडी फोडली आणि रस्त्यांचा पाया भरला. पुढे रोजगार हमी योजनेखालीही रस्त्यांची कामे झाली. तालुक्याच्या गावाहून खेड्यात जाणाऱ्या डॉक्टरची फियाट ज्या रस्त्यावरून धावली, त्यातील कित्येक रस्ते पोट भरण्यासाठी खडी फोडणाऱ्या हातांनी तयार झालेले होते. मोटारीत बसणारा आणि रस्ता करणारा यांच्यातील अंतर या काळात जितके उघड झाले तितके क्वचितच झाले असेल. त्याच काळात, १९७३च्या अखेरीस, जागतिक तेलसंकटामुळे पेट्रोल एकाएकी महागले, आणि अनेक घरांतील गाडी 'रोजची' न राहता 'कामापुरती' झाली.

उन्हाचा प्रश्न वेगळा. मे महिन्यात येथे पारा ४२ अंशांच्या पुढे जाणे नित्याचे आहे. फियाटचे इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे, अँबॅसिडरचे १,४८९ घनसेंटिमीटरचे. दोन्ही पाण्याने थंड होणारी आणि दोन्ही थंड हवेच्या देशांत आखलेली. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत विहिरीच्या जड पाण्याचा क्षार साचला की पाण्याचा प्रवाह मंदावतो आणि पाणी उकळू लागते. म्हणून डिकीत पाण्याचा डबा ठेवणे हा प्रवासाचा पहिला नियम होता, आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण एकदम उघडू नये हा दुसरा.

याहून सूक्ष्म अडचण पेट्रोलची होती. या गाड्यांचा पेट्रोलपंप इंजिनालाच जोडलेला असतो. भर दुपारी गाडी थोडा वेळ उभी केली की पंपातील व नळीतील पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव खेचण्याऐवजी वाफच दाबत राहतो आणि गाडी सुरू होत नाही. यावरचा उपाय सर्वश्रुत होता : पंपावर ओले फडके ठेवायचे आणि दहा मिनिटे सावलीत बसायचे. वाफेचे पुन्हा द्रव होते, गाडी निघते. या उपायामागचे पदार्थविज्ञान ठाऊक असणारे थोडे होते. उपाय मात्र चालविणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होता.

४. रोजच्या वापराची शिस्त

आजच्या गाडीत बसणे आणि चावी फिरविणे या दोन क्रियांनी प्रवास सुरू होतो. जुन्या घरगुती मोटारीचा दिवस याहून आधी सुरू होत असे. सकाळी बोनट उघडून तेलाची पट्टी पुसून पाहणे, रेडिएटरमध्ये पाणी भरणे, बॅटरीच्या कप्प्यांतील शुद्ध पाण्याची पातळी पाहणे, गाडी रात्री उभी होती त्या जागी जमिनीवर तेलाचा डाग नवा आहे की जुना हे पाहणे, हा नित्यक्रम होता. थंडीत बॅटरीने दम सोडला तर पुढच्या बाजूने लोखंडी हॅन्डल घालून इंजिन फिरवावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडू नये म्हणून अंगठा हॅन्डलभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवावा, ही सूचना वडील मुलाला देत. हॅन्डलही न चालल्यास शेजाऱ्यांनी धक्का द्यावयाचा. म्हणून गाडी शक्यतो उतारावर उभी करण्याची सवय लागे.

या गाड्यांना पूर्वी अल्टरनेटर नसून डायनामो असे. इंजिन हळू चालले की डायनामोची वीज कमी पडते. म्हणून रात्री गाव आले, वेग मंदावला की दिवे पिवळे पडत, आणि वेग वाढविला की पुन्हा उजळत. चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पाण्यातून गाडी गेली की ते काही वेळ लागत नसत, आणि नाला ओलांडल्यावर ब्रेक हलके दाबून ते 'वाळवून' घ्यावे लागत. सी. बी. पॉइंट काचकागदाने घासणे, कार्बुरेटरचा जेट काढून फुंकणे, प्लगवरची काजळी खरवडणे, ही कामे मेस्त्रीविना करता येत. यामुळे चालक आणि यंत्र यांच्यात एक संबंध निर्माण होई, तो आज्ञेचा नसून लक्ष ठेवण्याचा होता. गाडीचा आवाज बदलला हे घरातील माणसांनाही कळे.

गाडीची घडण कुटुंबाच्या घडणीला जुळणारी होती. गिअरचा दांडा स्टीअरिंगजवळ असल्यामुळे पुढची बैठक सलग असे आणि तिच्यावर तिघे बसत. मागे चौघे, आणि मुले मांडीवर. पाथरी, गंगाखेड अथवा जिंतूरकडील लग्न, बाळंतिणीला माहेरी पोहोचविणे, आजाऱ्याला रात्री औरंगाबादेस हलविणे, ही कामे एका घराच्या गाडीने साऱ्या गल्लीसाठी केली. मालकी एका घराची असली, तरी वापर आणि धक्का या दोन्ही गोष्टी सामाईक होत्या. ज्याने धक्का दिला त्याला अडीअडचणीला गाडी मागण्याचा एक अलिखित हक्क प्राप्त होई.

खर्चाची रीतही निराळी होती. कापसाच्या आणि ज्वारीच्या प्रदेशात उत्पन्न हंगामी असते. दरमहाचा हप्ता अशा उत्पन्नाला जड जातो. दुरुस्तीचा खर्च मात्र तुकड्यातुकड्याने करता येतो, काही काळ पुढे ढकलता येतो आणि ओळखीच्या मेस्त्रीकडे उधारीनेही चालतो. जुनी गाडी बाळगणे महाग की स्वस्त, या प्रश्नाचे उत्तर एकूण रकमेवरून नव्हे, तर ती रक्कम केव्हा मागितली जाते यावरून मिळते.

अर्थात या व्यवस्थेची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. या गाड्यांना दीर्घकाळ सुरक्षापट्टे नव्हते. त्यांचा धूर जड होता; शिसेयुक्त पेट्रोल देशात १ फेब्रुवारी २०००पासून बंद होईपर्यंत त्या धुरात शिसेही होते. आणि गॅरेजमध्ये हत्यारे देणारा, रॉकेलने भाग धुणारा 'पोऱ्या' हा बहुधा शाळा सुटलेला मुलगा असे. दुरुस्तीच्या विद्येचे गुरुकुल म्हणजे त्याचेच बालपण होते. या विद्येचा गौरव करताना तिची किंमत कोणी दिली याचे भान अभ्यासकाने सोडता कामा नये.

५. शब्दांची साक्ष

गॅरेजच्या वह्या जपल्या गेल्या नाहीत. मेस्त्रींनी आठवणी लिहिल्या नाहीत. अशा वेळी शब्दसंग्रह हाच दस्तऐवज ठरतो. परभणीच्या मोटारव्यवहारातील शब्दांकडे पाहिले तर त्यांचे चार थर स्पष्ट दिसतात.

पहिला थर बैलगाडीचा. 'गाडी' हा शब्द मूळ बैलांच्या वाहनाचा. मोटारीने तो इतका आपलासा केला की मूळ मालकालाच 'बैलगाडी' असे विशेषण लावून ओळख द्यावी लागली. 'खटारा' हा शब्दही मोठ्या ओझ्याच्या गाड्याचा वाचक. आज तो जुनाट मोटारीचा उपहास करण्यापुरता उरला आहे. 'वंगण' हा शब्द गाड्याच्या आखाबरोबर होता. मोटारीत 'ग्रीस' आले, पण तापलेल्या कलहात 'वंगण घालण्याचा' वाक्प्रचार मात्र मराठीने सोडला नाही.

दुसरा थर पोर्तुगीज. 'मेस्त्री' आणि 'चावी' हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून पश्चिम किनाऱ्यावर आले आणि कित्येक पिढ्यांनी गोदावरीच्या खोऱ्यातील मोटारीला येऊन चिकटले. सुतार, गवंडी आणि मोटार दुरुस्त करणारा या तिघांनाही एकच उपाधी लागावी, यावरून नव्या कारागिराला जुन्याच कारागिरांच्या पंक्तीत बसविले गेले असे दिसते.

तिसरा थर इंग्रजीचा. परंतु तो बहुतांशी त्या शब्दांचा, जे खुद्द इंग्लंडात मागे पडले. 'स्टेपनी' हे उदाहरण प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी वेल्समधील लानेथ्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावरील एका कंपनीने मोटारीसाठी राखीव चाकाची युक्ती काढली. रस्त्याचे नाव चाकाला मिळाले. आज इंग्लंडात तो शब्द कोणी वापरीत नाही; परभणीच्या पंक्चरवाल्याला त्याखेरीज दुसरा शब्द माहीत नाही. 'डिकी' हा शब्दही असाच : मोटारीच्या पाठीमागच्या उघड्या बैठकीचे ते इंग्रजी नाव होते. ती बैठक गेली, तिच्या जागी सामानाची पेटी आली, आणि नाव तेच राहिले. 'सेल्फ मारणे' या प्रयोगात तर विशेषणच उरले आहे, नाम गळून गेले आहे. शब्दांचा हा संग्रह पाहिला म्हणजे लक्षात येते की, जुने यंत्र जेथे वापरात राहते तेथे जुना शब्दही वापरात राहतो; दोघांचे आयुष्य एकाच हातावर अवलंबून असते.

चौथा थर दख्खनीचा. हैदराबाद राज्यात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, आणि मोटारदुरुस्तीच्या धंद्यात दख्खनी बोलणाऱ्या कारागिरांचा वाटा मोठा राहिला. 'उस्ताद' आणि 'शागिर्द' हे नाते संगीतातून जसे आले तसेच ते गॅरेजमध्येही नांदले. 'इंजिन खोलणे' आणि 'इंजिन बांधणे' ही क्रियापदांची जोडी याच मिश्र बोलीतील. यंत्राला 'बांधायचे' म्हणजे गाठोड्यासारखे, घरासारखे किंवा रागदारीतल्या चिजेसारखे. भाग निरनिराळे असले तरी ते एका हाताने एका अवधानात एकत्र आणायचे. 'असेंब्ली' या शब्दात हा अर्थ नाही.

याखेरीज गाडीला सजीव मानणारे प्रयोग आहेत. गाडी तेल 'खाते', पाणी 'पिते', चढावर 'दम सोडते', पिकअप 'घेत नाही', रुसते. 'डुक्कर फियाट' हे नाव तर थेट प्राण्याचे. ११०० मालिकेतील जुन्या, गोलसर बांध्याच्या फियाटला महाराष्ट्रात सर्वत्र हे नाव पडले. कारखान्याने दिलेले इटालियन नाव कोणाच्या ध्यानात राहिले नाही. त्याउलट कंपनीने १९७४ साली चितोडच्या राणीचे नाव दिल्यावरही कित्येक वर्षे लोक त्या गाडीला 'फियाट'च म्हणत राहिले. नाव कोण ठेवतो हा अधिकाराचा प्रश्न असतो. येथे तो अधिकार वापरणाऱ्यांनी आपल्याकडे ठेवला.

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण महाराष्ट्रभर सांगितली जाते. जमले तर ठीक, नाही तर परभणी आहेच, असा तिचा रूढ अर्थ. म्हणीतील क्रियापदाची दख्खनीतील व्याप्ती मात्र मोठी आहे : 'बनना' म्हणजे जमणे, घडणे आणि दुरुस्त होणेही. 'गाडी बन गई' असे उस्ताद म्हणतो तेव्हा गाडी दुरुस्त झालेली असते. अन्यत्र जी बनली नाही ती परभणीत बनली, असा या म्हणीचा दुसरा अर्थ कोणी केला तर व्युत्पत्तीने तो सिद्ध होणार नाही. पण जुन्या मोटारींच्या बाबतीत वस्तुस्थितीने तो खोटाही ठरणार नाही.

६. अंतर, कायदा आणि वय

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० गाडीची पहिली विक्री झाली. ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन, पुढच्या चाकांना दिलेली गती, हलके वजन आणि खंडित मागील बाजू अशी ही गाडी होती. तिच्या येण्याने डिकीवाल्या मोठ्या गाडीची मक्तेदारी संपली. परंतु फियाट आणि अँबॅसिडर यांचा वापर त्याबरोबर संपला नाही, तो गावाकडे सरकला. शहराने टाकलेल्या गाड्यांची किंमत उतरली, आणि ज्यांना पूर्वी जुनी गाडीही परवडत नव्हती अशांच्या आवाक्यात ती आली. जुन्या मोटारीचे खरे लोकशाहीकरण या टप्प्यात झाले.

या टप्प्यात सुट्या भागांचा भूगोल महत्त्वाचा ठरला. परभणीहून औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, रस्त्याने सुमारे २०० किलोमीटर. मुंबई सुमारे ५०० किलोमीटर. दुसऱ्या दिशेला रेल्वेने जोडलेले हैदराबाद. किरकोळ भाग गावात मिळे, मधला भाग जिल्ह्याबाहेर, आणि दुर्मिळ भाग मुंबईत कुर्ल्याच्या भंगारबाजारात. ज्या कुर्ल्यात फियाट जन्मली, त्याच उपनगरात ती तुकड्यातुकड्याने विकली जात होती, आणि तेथून आलेला एक तुकडा परभणीतील दुसऱ्या गाडीला पाच वर्षांचे आयुष्य देत होता. भाग मुळीच न मिळाल्यास लेथवर तो घडविला जाई. अँबॅसिडरमध्ये मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसविण्याची प्रथाही देशभर रूढ होती. अशा गाडीचे वय किती मानावे? सांगाडा १९७०चा, इंजिन १९८५चे, गिअरपेटी तिसऱ्याच गाडीची. वर्षांची मोजणी येथे अर्थहीन होते.

कायद्याला मात्र मोजणीवाचून गत्यंतर नसते. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची ठरविली आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरणाची सोय ठेवली. नव्या अक्षरमालेत परभणीला एम.एच. २२ हा क्रमांक मिळाला. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यावर त्याला एम.एच. ३८ मिळाला. २०१०पासून महाराष्ट्रात १५ वर्षांपुढील खाजगी गाडीवर पर्यावरण कर आला. १ एप्रिल २०२२पासून अशा मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. मुंबईतील टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे, २००३ साली नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून गेली.

या सर्व नियमांमागे हवा आणि सुरक्षितता यांची चिंता आहे, आणि ती रास्त आहे. परंतु जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने 'व्हिंटेज' वाहनांसाठी जे नियम केले, त्यांत एक विलक्षण गोष्ट दिसते. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. मात्र अशी गाडी नेहमीच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, संशोधन, फेरी अशा प्रसंगीच आणता येते. म्हणजे ज्या गाडीत फेरफार झाले नाहीत आणि जी वापरात नाही, तिला मान. जी फेरफार करून करून वापरात राहिली, तिला दंडासारखे शुल्क. रोजच्या कामाला जुंपलेली जुनी मोटार या दोन कप्प्यांपैकी कोणत्याच कप्प्यात मावत नाही. वारशाची सरकारी कल्पना वस्तूपुरती आहे. ती वस्तू चालती ठेवणारे कौशल्य त्या कल्पनेत येत नाही.

इंधनाच्या बाबतीतही एक योगायोग नोंदण्याजोगा आहे. २०२३पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशात आले. इथेनॉल उसापासूनही तयार होते, आणि गोदावरीच्या खोऱ्यातील साखर कारखानदारी या धोरणाची लाभार्थी आहे. हेच इथेनॉल जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बुरेटरचे वॉशर यांना मानवत नाही. एकाच तालुक्यात शेतातील उभे पीक आणि अंगणातील जुनी गाडी यांचे हितसंबंध परस्परविरोधी व्हावेत, असा हा प्रकार आहे.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, परभणी जिल्ह्यात जुनी घरगुती मोटार दीर्घकाळ वापरात राहिली याचे कारण हौस अथवा मागासलेपण हे नव्हते; मर्यादित उत्पादन, हंगामी उत्पन्न आणि न बदललेली यंत्ररचना यांच्या संयोगातून ती एक सुसंगत व्यवस्था निर्माण झाली होती. दोन, त्या व्यवस्थेत गाडीचे वय हे सुट्या भागाचे अंतर व मेस्त्रीचा हात यांवर ठरत होते. गाडी तेव्हा मरते, जेव्हा ती बांधणारा शेवटचा माणूस दुकान बंद करतो; कारखाना बंद पडल्याने ती मरत नाही, हे फियाट व अँबॅसिडर या दोहोंच्या उत्तरायुष्याने दाखविले आहे. तीन, या व्यवस्थेचा लेखी पुरावा अत्यल्प असून तिची मुख्य साक्ष शब्दांत आहे.

तिसरा निष्कर्ष अभ्यासकांवर जबाबदारी टाकणारा आहे. आजच्या गाडीतील दोष संगणक वाचतो आणि भाग बदलला जातो. 'बांधणे' हे क्रियापद तेथे लागू पडत नाही. ज्या उस्तादांनी आवाजावरून टॅपेटची फट ओळखली, ती पिढी आता साठी-सत्तरी ओलांडून गेली आहे. त्यांच्या बोलीचे ध्वनिमुद्रण, हत्यारांच्या नावांची यादी, उरल्यासुरल्या हिशेबवह्या आणि परिवहन कार्यालयांतील जुन्या कागदी नोंदी यांचे संकलन हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे, आणि त्याला फार खर्चही नाही. मात्र त्याला मुदत आहे. मराठवाड्याचा सामाजिक इतिहास शिलालेख आणि दप्तरे यांच्या आधारे लिहिला गेला; त्याच्या विसाव्या शतकातील एका मोठ्या अंगाची दप्तरे तेलकट हातांत आणि बोलीत आहेत. ती वाचण्याची वेळ हीच आहे.